म्हणे, लग्न झालं की बरं होईल!

घरातला पंचविशी उलटलेला मुलगा महिनोन्महिने खोलीबाहेर पडत नाही. नोकरी सोडली आहे, जेवणावर वासना नाही, मित्रांचे फोन उचलत नाही. किंवा मुलगी रात्र रात्र जागी असते. छातीत धडधडतं म्हणून दोनदा ईसीजी काढला, दोन्ही वेळा काही निघालं नाही. अशा घरात एखादे काका, एखादी मामी, कधी शेजारचे निवृत्त गुरुजी निकाल देतात : "दोनाचे चार हात करून टाका. अंगावर जबाबदारी पडली की येईल ताळ्यावर." आईवडिलांना हायसं वाटतं. डॉक्टरकडे जायला नको, चारचौघांत काही सांगायला नको, शिवाय कर्तव्य पार पाडल्याचं समाधान. थोड्याच दिवसांत कपाटातून पत्रिका बाहेर निघते.

हा सल्ला खेड्यात मिळतो तसाच पुण्या-मुंबईच्या उच्चशिक्षित घरांतही मिळतो. परदेशातला मुलगा सुट्टीवर आला की त्यालाही मिळतो. देणारी माणसं दुष्ट नसतात, बऱ्याचदा ती घरातली सगळ्यात मायाळू माणसं असतात. म्हणूनच त्यांना 'अडाणी' म्हणून मोडीत काढणं सोपं असलं तरी उपयोगाचं नाही. त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं आणि मग खोडून काढावं.

त्यांचा पहिला दाखला जुन्या काळाचा. "आमच्या वेळी हे डिप्रेशन-बिप्रेशन नव्हतं. भरलं घर, हाताला उसंत नाही, उदास व्हायला वेळ होता कुणाला?" याला फार जागा द्यायचं कारण नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना त्यांच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड आठवत असेल, आणि त्यापायी घरादाराचे झालेले हालही. ते घर एकोणिसाव्या शतकातलं होतं आणि माणसांनी भरलेलंच होतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची मनोरुग्णालयं इंग्रजी अमदानीतली, म्हणजे एकत्र कुटुंबं ऐन भरात असतानाची. भांडणात पुणेकर 'येरवड्याला पाठवा याला' म्हणतो आणि मुंबईकर 'ठाण्याला'. ही भाषा मोबाईल आल्यावर जन्मलेली नाही. जुन्या वाड्यात माजघरातल्या अंधारात दिवसदिवस पडून राहणारी काकू आळशी ठरायची, नाहीतर तिला बाहेरचं काहीतरी लागलेलं असायचं. आजार होता, त्याची नोंद नव्हती. आणि त्या काकूचं लग्न झालेलं होतं, हे सल्ला देणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

दुसरा दाखला मात्र वजनदार आहे. माणसाला माणूस लागतं, एकटेपणानं मन खचतं, जिवाभावाचा जोडीदार मिळाला की उभारी येते. हे खरं आहे आणि त्यामागे भक्कम संशोधनही आहे. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या दोघांनी लंडनच्या कँबरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ साली एक पुस्तक लिहिलं. आयुष्यात मोठा आघात झाल्यावर कोण नैराश्यात जातं आणि कोण सावरतं, हा त्यांचा प्रश्न होता. जिला मनातलं सगळं सांगता येईल असं जवळचं माणूस आहे, ती सावरण्याची शक्यता बरीच जास्त, असं त्यांना आढळलं. लग्नाच्या वकिलांनी हा पुरावा खुशाल पुढे करावा, पण पुरता वाचून करावा. ब्राउन आणि हॅरिस यांनी जे तपासलं ते मन मोकळं करण्याचं नातं. नुसतं लग्न झालेलं असणं त्यांच्या हिशेबात पुरेसं नव्हतं. नवरा आहे पण त्याच्याशी बोलण्याची सोय नाही, अशी बाई धोक्याच्याच बाजूला मोजली गेली.

धोका वाढवणाऱ्या चार गोष्टी त्यांनी सांगितल्या. विश्वासाचं माणूस नसणं, घरात तीन किंवा अधिक लहान मुलं असणं, घराबाहेर नोकरी नसणं, आणि ११ वर्षांची होण्याआधी आई गेलेली असणं. शेवटची गोष्ट कुणाच्या हातात नाही. बाकीच्यांकडे बघा. 'बरी होईल' म्हणून एका मुलीचं घाईनं लग्न लावलं. नवरा दुसऱ्या गावी म्हणून तिची नोकरी सुटली. वर्षाच्या आत पाळण्याचा आग्रह सुरू झाला. (एका मुलाची तीन होत नाहीत हे कबूल, पण पहिल्यापाठोपाठ दुसऱ्याची बोलणी सुरू होतात हेही सगळ्यांना ठाऊक आहे.) आणि आजार सासरी सांगायचा नाही अशी तंबी देऊन पाठवल्यामुळे ज्याच्याशी मन मोकळं करायचं, नेमका तोच माणूस तिला परका झाला. एवढं सगळं आपण औषध म्हणून दिलं.

लग्नानं गुण आला नाही की पुढची मात्रा तयार असते : मूल होऊ द्या, त्यात जीव रमेल. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या बाळंतिणींचा अभ्यास करून २००२ साली तो प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांमध्ये नैराश्य आढळलं. घरातली गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध यांनी ते वाढत होतं, आणि मुलाची अपेक्षा असताना मुलगी झाली तर तेही एक कारण ठरत होतं. ज्या घरात मूल हाच उपाय मानला जातो, तिथे या तिन्ही गोष्टी एकत्र सापडायला फार शोधावं लागत नाही. ज्यांना आधीच आजार आहे त्यांच्यासाठी तर बाळंतपणानंतरचे आठवडे अधिक जोखमीचे असतात. बायपोलर म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांच्यात हेलकावणारा आजार असेल तर त्या दिवसांत तो उलटण्याची भीती सगळ्यात जास्त. तेव्हा डॉक्टर, नवरा आणि घर तिघांनाही आधीपासून सगळं ठाऊक असावं लागतं. लपवलेल्या आजाराची बाळंतीण या तिघांनाही मुकलेली असते.

कुटुंब हा सुरक्षित किल्ला आहे, आत गेलं की माणूस वाचलं, या समजुतीला एक सरकारी आकडाही दाखवायला हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. राज्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात, २२ हजार ७४६. देशभरच्या नोंदींत कारणांच्या रकान्यात सगळ्यात वर 'कौटुंबिक समस्या' आहे, जवळजवळ ३२ टक्के. पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलेलं कारण हे ढोबळच असतं आणि एका माणसाच्या जाण्याला एकच कारण कधीच नसतं, त्यामुळे या आकड्याला मी फार ताणणार नाही. पण कुटुंबात ढकललं की धोका टळला असं म्हणणाऱ्याला तो आकडा आडवा येतो, एवढं नक्की.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. काका-मामींच्या सल्ल्यात एक अट गृहीत असते, ती उघड कुणी बोलत नाही : स्थळाला काही सांगायचं नाही. पत्रिका, पगार, फ्लॅटचं कर्ज, मुलीच्या चष्म्याचा नंबर, सगळं बैठकीत निघतं. मंगळ कडक की सौम्य यावर तासभर खल होतो. दोन वर्षं चालू असलेल्या गोळ्यांचा विषय मात्र कुणी काढत नाही. 'सांगितलं तर कोण करणार हो लग्न?' हा त्यामागचा सवाल असतो, आणि तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. सांगितल्यावर नकार येतात. चांगली दिसणारी बोलणी दुसऱ्या दिवशी 'पत्रिका जुळत नाही' म्हणून थांबतात. या भीतीला कायद्यानंही खतपाणी घातलं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या १९५५ च्या मूळ मसुद्यात वधू किंवा वर 'इडियट' अथवा 'लूनॅटिक' नसावा अशी ओबडधोबड अट होती. १९७६ साली ती बदलली आणि आजाराच्या तीव्रतेची भाषा आली. वारंवार फिट येणाऱ्यांना त्याच अटीच्या यादीतून बाहेर पडायला १९९९ साल उजाडावं लागलं. ज्या समाजात कायदाच कालपरवापर्यंत असा बोलत होता, तिथल्या आईबापांनी तोंडाला कुलूप लावलं तर नवल नाही.

तरीही लपवणं चूक आहे, आणि मी केवळ नीतीच्या अंगानं बोलत नाही. लपवण्यानं आजार वाढतो. तो कसा वाढतो हे घराघरांतून दिसतं, पण त्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर सांगावं लागेल.

लग्नाच्या आधीचे पंधरा दिवस घ्या. बस्ता, केळवणं, हळद, संगीत, पाहुण्यांची वर्दळ, मग लग्न, सत्यनारायण, काही घरांत जागरण-गोंधळ. झोप म्हणून नाही. बायपोलर आजारात सलग काही रात्रींची झोप गेली की उन्मादाचा झटका येऊ शकतो, हे त्या आजाराच्या कोणत्याही डॉक्टरला विचारा. अशा माणसाला उपचार थांबवून या जत्रेत उभं करणं म्हणजे आजाराला आमंत्रणपत्रिका देणं. आणि उपचार थांबलेलेच असतात. सासरी गोळ्यांची पट्टी कुठे ठेवायची, कुणी पाहिली तर काय सांगायचं, या धास्तीनं माहेरीच ठरतं की आता बंद करून बघू. 'झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागते' हे वर असतंच. नैराश्यावरची नेहमीची औषधं झोपेच्या गोळ्या नसतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती डॉक्टरच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करावी लागतात. एकदम सोडली तर त्रास होतो आणि आजार परतायची शक्यता वाढते. ज्यांची खरोखर सवय लागते त्या गोळ्या वेगळ्या गटातल्या असतात, पण शेजारणीला दोन्ही सारख्याच. मग लग्नानंतर तीन-चार महिन्यांत आजार परततो. मुलगा असेल तर 'हिचा पायगुण', आणि मुलगी असेल तर 'आमच्या गळ्यात बांधली'. दोन्ही वेळा दोष मुलीचा, हे आपल्याकडचं गणित मात्र अगदी पक्कं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यात जास्त बोचते. दहा वर्षं सोबत राहिलेल्या बायकोला नवरा नैराश्यात गेला की कळतं : हा माणूस असा नाही, याला काहीतरी झालंय. तिच्यापाशी आधीचा माणूस आठवणीत शिल्लक असतो. तीन कांदेपोह्यांच्या भेटींनंतर लग्न झालेल्या मुलीपाशी काय असतं? नवरा संध्याकाळी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपतो, तर तिच्या लेखी तो मुळातच तसा. तो सिनेमाला येतो, मध्यंतरात काही बोलत नाही, घरी आल्यावर 'बरा होता' एवढंच म्हणतो. आनंद वाटणंच बंद पडणं हे नैराश्याचं मुख्य लक्षण आहे, पण तिला ते कुणी सांगितलेलं नाही. म्हणून ती अर्थ लावते : मी याला आवडले नाही, याच्या मनात दुसरी कुणी होती, घरच्यांनी बळजबरीनं लग्न लावलं. शारीरिक जवळीक आजारानं आटते आणि काही औषधांनीही आटते. त्याचं खरं कारण डॉक्टरला विचारता येण्यासारखं असतं, औषध बदलूनही बघता येतं. न सांगितलेल्या संसारात मात्र ती रोजची अवहेलना होऊन बसते. एकाचा आजार लपवण्याच्या नादात आपण दुसऱ्या, धडधाकट माणसाच्या मनात असुरक्षितता पेरतो. वर्षभरात त्या घरात दोन रुग्ण असतात.

चिंतेच्या आजाराची तऱ्हा वेगळी. तिथे माणूस गप्प राहत नाही, सतत विचारत राहतो. पोचलीस का? फोन का नाही उचललास? रागावलीस का माझ्यावर? खरंच नाही ना? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन यांनी १९७६ साली नैराश्यातल्या माणसांच्या नात्यांबद्दल हेच मांडलं होतं : खचलेला माणूस पुन्हापुन्हा खात्री करून घेतो, जवळची माणसं आधी धीर देतात, मग कंटाळतात, वरवरचं 'हो हो' करू लागतात. तो पोकळपणा त्या माणसाला अचूक कळतो, म्हणून तो आणखी विचारतो. शेवटी ज्या दुराव्याची भीती होती तोच दुरावा तयार होतो. आता यात व्हॉट्सअ‍ॅपचा 'लास्ट सीन' आणि निळ्या खुणा मिळवा. जोडीदाराला आजार ठाऊक असेल तर दोघं मिळून काही ठरवू शकतात, जसं की एकदा उत्तर द्यायचं आणि दुसऱ्यांदा विचारलं तर प्रेमानंच थांबवायचं. ठाऊक नसेल तर त्याला हा संशय वाटतो, आणि संशयावर भांडण होणारच.

भांडण कोर्टापर्यंत गेलं की लपवाछपवीचा हिशेब आणखी उलटा पडतो. हिंदू विवाह कायद्यापुरतं सांगायचं तर कलम १२ प्रमाणे समोरच्याबद्दलची महत्त्वाची वस्तुस्थिती फसवून दडवली आणि संमती मिळवली, असं सिद्ध झालं तर लग्न रद्द ठरवून मागता येतं. लपवलेला आजार त्यात बसतो की नाही हे कोर्ट ठरवतं, पण दावा दाखल होतो आणि दोन्ही घरं तारखांना उभी राहतात. मात्र फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं, आणि कळल्यावरही राजीखुशीनं संसार चालू ठेवला असेल तर तो हक्क उरत नाही. याचा सरळ अर्थ असा की जो आधीच सांगून लग्न करतो त्याच्यावर हे हत्यार चालतच नाही. 'न सांगण्यात शहाणपण' म्हणणारे आपल्याच लेकराच्या विरोधात पुरावा तयार करत असतात.

घटस्फोटाचं म्हणाल, तर निव्वळ आजाराच्या नावावर तोही मिळत नाही. रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या १९८८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की स्किझोफ्रेनिया हे लेबल लावून भागत नाही. सोबत राहण्याची अपेक्षा करणंच गैरवाजवी ठरावं इतका तो तीव्र असला पाहिजे. २०१३ साली कोल्लम चंद्रशेखर खटल्यातही बायकोच्या याच आजाराचं कारण पुढे करणाऱ्या नवऱ्याला न्यायालयानं घटस्फोट नाकारला. उपचारानं ताब्यात राहणारा आजार हे जोडीदाराला टाकून देण्याचं निमित्त होत नाही, ही त्या निकालाची दिशा. न्यायालय आपल्या वधू-वर मेळाव्यांच्या बरंच पुढे गेलेलं आहे.

इथे दुसऱ्या टोकाची मंडळी खूश होतील, म्हणून त्यांचाही समाचार घेऊन टाकतो. ही मंडळी शिकलेली असतात, समाजमाध्यमांवर बोलतात. त्यांचं म्हणणं, आधी पूर्ण बरे व्हा, स्वतःवर काम करा, मगच कुणाच्या आयुष्यात जा. ऐकायला स्वच्छ वाटतं. पण मधुमेहाच्या माणसाला आपण 'साखर कायमची गेल्याशिवाय लग्न करू नकोस' म्हणत नाही. कित्येकांचं नैराश्य एकदा येऊन जातं, काहींचं अधूनमधून परततं, काहींना औषध दीर्घकाळ घ्यावं लागतं, आणि यातली असंख्य माणसं उत्तम नवरे, बायका, आईबाप असतात. त्यांना संसार नाकारणं हे काकांच्या सल्ल्याइतकंच आडमुठं आहे. दोघांची चूक एकच आहे. दोघंही आजाराचा निकाल लग्नाच्या तारखेवरून लावतात, उपचाराचं नाव कुणीच घेत नाही.

आणि उपचार हा नात्यावरचाही उपचार असतो, याला आपल्या शेजारच्याच राज्यात पुरावा आहे. गोव्यातल्या 'संगात' या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत काम केलं. दिवसाची आखणी, सोडून दिलेल्या कामांकडे आणि माणसांकडे हळूहळू परत जाणं, असं साधं स्वरूप. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण सावरलेले होते, नेहमीची सेवा मिळालेल्या गटातले ३९ टक्के. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते. समुपदेशन मिळालेल्या स्त्रियांनी नवऱ्याकडून होणाऱ्या मारहाणीचं प्रमाणही कमी असल्याचं सांगितलं. सहा-आठ बैठकांनी घरात हा फरक पडला. आपण मात्र कर्ज काढून मांडव घालतो.

मग माणसं तिथवर का पोचत नाहीत? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. नैराश्य आणि चिंतेसारखे सर्रास आढळणारे आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे आपल्याकडे चित्र बरं आहे असं मानायची मुभा ज्याला हवी त्यानं घ्यावी. तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा येतो, फी आणि प्रवास परवडत नाही, ही कारणं खरीच आहेत. पण दाराशी डॉक्टर असूनही जी घरं जात नाहीत, त्यांना अडवतं ते लग्न. 'कुणी दवाखान्यात पाहिलं तर स्थळं येणार नाहीत.' लग्नासाठी उपचार टाळायचे आणि उपचाराऐवजी लग्न करायचं, असा हा पीळ आहे.

जोडीदारांची बाजूही मांडायला हवी, नाहीतर हा लेख एकांगी होईल. सांगून, समजून लग्न केलेल्या माणसालाही आजार थकवतो. रोज घरी येऊन कुणाला तरी उचलून उभं करायचं, आपलं ऑफिसातलं दुखणं मनातच ठेवायचं, सणाला एकट्यानंच जाऊन 'बरं नाहीये' अशी थाप मारायची. नवरा किंवा बायको होणं म्हणजे डॉक्टर होणं नव्हे, आणि ती अपेक्षा कुणी करूही नये. शिवाय आजार हे वागण्याचं कारण सांगू शकतो, वागण्याला परवाना देत नाही. 'त्याला टेन्शन असतं म्हणून हात उगारतो', 'असुरक्षित वाटतं म्हणून तिला माहेरी जाऊ देत नाही, तिचा फोन तपासतो' हे मी सुशिक्षित घरांत समजूतदारपणाच्या सुरात बोललेलं ऐकलंय. नैराश्यानं खचलेले बहुसंख्य पुरुष कुणावर हात टाकत नाहीत. जो टाकतो, त्याच्या घरातून बाहेर पडणाऱ्या बाईला 'आजारी माणसाला सोडलं' असं म्हणायचा हक्क कुणालाही नाही.

सांगायचं कुणी आणि कधी, यावरही गोंधळ असतो. पहिल्याच भेटीत, दोन्हीकडची अकरा माणसं बसलेली असताना सांगायची ही गोष्ट नाही. बापानं मध्यस्थाच्या कानात कुजबुजायची तर मुळीच नाही. मानसिक आरोग्यसेवेच्या २०१७ च्या कायद्यानं आजाराची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. तेव्हा सांगण्याचा अधिकार त्याचा, आणि ज्याच्याशी जन्म काढायचा त्या माणसाला सांगायचं. दोघांनी एकमेकांना पसंत केल्यावर, याद्या होण्याच्या आधी, एकट्यात. काय झालं होतं, कोणतं औषध चालू आहे, शेवटचा त्रास कधी झाला, तसं पुन्हा झालं तर काय मदत लागेल. समोरच्याला हवं असेल तर दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटावं. नकार आला तर तो पचवावा. लग्नाआधीचा नकार लग्नानंतरच्या सोडचिठ्ठीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. आणि होकार आला, तर ब्राउन आणि हॅरिस ज्याला विश्वासाचं माणूस म्हणतात ते पहिल्या दिवसापासून घरात आहे.

ज्या घरांत यंदा कर्तव्य आहे त्यांना माझी विनंती आहे. मुलाच्या किंवा मुलीच्या गोळ्या मुहूर्तासाठी बंद करू नका. डॉक्टरांना लग्नाची तारीख सांगा, त्या धावपळीत झोप आणि औषध कसं सांभाळायचं ते विचारून घ्या. अजून डॉक्टरच गाठलेला नसेल तर केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. तो फोन आधी करा, मंगल कार्यालयाचं बुकिंग नंतर. कार्यालयं पुढच्या मोसमातही मिळतील.